बिलाची प्रूफं

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या हातात दोन पाकिटं पडली. एकात डिस्चार्ज समरी, अँजिओग्राफीची सीडी आणि गोळ्यांची चिठ्ठी. दुसऱ्यात ११ पानांचं बिल. मी पहिलं तसंच पिशवीत टाकलं, दुसरं उघडून थेट शेवटचा आकडा बघितला आणि घाईघाईनं परत मिटलं. नवरा म्हणाला, ‘‘किती?’’ मी म्हटलं, ‘‘घरी गेल्यावर सांगते.’’ माझ्या नुकत्याच दुरुस्त करून दिलेल्या हृदयाला असा धक्का द्यायची काही गरज नव्हती.

तुम्हीही बहुधा हेच कराल, म्हणून आधीच सांगून ठेवते : पहिलं पाकीट आधी उघडा, आणि ते हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडायच्या आत.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्याची प्रूफं वाचणारी. २६ वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते आहे. त्या दुपारी एका पुस्तकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, वाचत होते. खालचा जबडा दुखायला लागला. दाढ असेल म्हटलं. मग दोन खांद्यांच्या मध्ये पाठ आवळल्यासारखी झाली, घाम आला, मळमळलं. छातीत कळ वगैरे काही नाही. बायकांमध्ये हार्ट अटॅक पुष्कळदा असा आडवाटेनं येतो, हे मी कधीकाळी कुठल्याशा आरोग्यविषयक पुस्तकाच्या प्रुफात वाचलेलं होतं, अनुस्वारही तपासले होते. पण आठवलं नाही. लेकीनं ऐकलं नाही म्हणून रात्री उशिरा हॉस्पिटलात पोचलो. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, पहिल्या तपासणीत काठावर आलं, ३ तासांनी चढलं. सकाळी मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी, एक रक्तवाहिनी अरुंद झालेली, लगेच अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक फुग्यानं ती रुंद करणं, आणि एक स्टेंट. २ रात्री आयसीयू, २ वॉर्डात. बस, एवढंच माझं दुखणं. पुढचं सगळं घरी आल्यावरचं.

पहिलं पाकीट

डिस्चार्ज समरी सिस्टर भराभरा वाचून दाखवते, तुम्ही मान डोलावता आणि घरी येता. तसं करू नका. एखाद्या माणसाला सोबत घ्या, खुर्चीत बसा आणि चार गोष्टी पेननं लिहून घ्या : कुठली गोळी किती महिने, कुठली गोळी न विचारता एक दिवसही बंद करायची नाही, परत कधी यायचं, आणि रात्री २ वाजता काही झालं तर फोन कोणाला करायचा.

दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत तिथं रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या एकत्र देतात, हार्ट अटॅकनंतर साधारण १२ महिने. त्यातली एक बहुतेकदा अ‍ॅस्पिरिन. दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, शेजारच्यांनी सांगितलं, पोट बिघडलं, पैसे संपले, यांतल्या कुठल्याही कारणानं त्या स्वतःच्या मनानं थांबवायच्या नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते.

‘पैसे संपले’ हे मी उगाच घातलेलं नाही. बिल भरून घरी आलेला माणूस पहिली काटकसर गोळ्यांवर करतो. एक दिवसाआड घेतो, अर्धी करून घेतो. माझ्याही मनात येऊन गेलं. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ तोंडावर विचारा : ‘‘हेच औषध जेनेरिकमध्ये मिळेल का? यातलं स्वस्त काही चालेल का?’’ औषधाचा मूळ घटक तोच असतो. मला विचारायला लाज वाटली होती आणि डॉक्टरांनी मात्र एका मिनिटात २ गोळ्यांची नावं बदलून दिली.

समरीतले तपशीलही तपासा. नाव, वय, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, दाखल झाल्याची तारीख. मी दाखल झाले तेव्हा रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झाली होती. बिलावर ती तारीख होती, समरीवर दुसऱ्या दिवसाची. २० मिनिटांचा फरक, कोणाला काय त्याचं, असं वाटेल. विमा कंपनीला होतं. कागद अडकला, शंकापत्र आलं, ३ आठवडे गेले. दारातच दिसलं असतं तर तिथल्या तिथं खोडून, सही-शिक्क्यासह दुरुस्त करून मिळालं असतं. २६ वर्षं प्रूफं वाचणाऱ्या बाईनं स्वतःचीच समरी न वाचता पिशवीत टाकली होती.

दुसरं पाकीट

घरी आल्यावर ४ दिवस बिलाला हात लावू नका. ही सवलत नाही, कामाची पद्धत आहे. दमलेल्या डोळ्यांनी प्रूफ वाचलं की चुका निसटतात, आणि घाबरलेल्या डोळ्यांना नसलेल्या चुका दिसतात. मात्र त्या ४ दिवसांत घरातल्या कोणालातरी हॉस्पिटलात पाठवून दोन गोष्टी लेखी अर्ज देऊन मागवा. एक म्हणजे बाबवार तपशिलाचं बिल. ‘औषधे व साहित्य : इतके’ अशी एकच ओळ असेल तर त्याला बिल म्हणत नाहीत. दुसरी म्हणजे केस पेपरची पूर्ण प्रत, ज्यात सिस्टरनं कधी कुठलं इंजेक्शन दिलं, डॉक्टर केव्हा येऊन गेले, सगळं वेळेसकट असतं.

आता वाचायचं कसं. जुन्या छापखान्यांत प्रूफ दोघं मिळून वाचायचे. एकजण हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रुफावर फुटपट्टी सरकवत नजर ठेवायचा. आम्ही तेच केलं. लेक केस पेपर घेऊन बसली, मी बिल घेऊन. ती वाचायची, ‘‘तारीख अमुक, सकाळी ६, रक्त तपासणी, ट्रोपोनिन.’’ मी फुटपट्टीखालची ओळ शोधायची आणि खूण करायची. सापडली तर बरोबरची खूण. बिलात आहे पण केस पेपरात नाही, तर गोल. समजत नाही, तर प्रश्नचिन्ह. ३ खुणांपलीकडे जाऊ नका, नाहीतर आपलंच आपल्याला कळेनासं होतं. ११ पानांना आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. नवरा मध्येच डोकावून ‘‘झालं का तुमचं पारायण?’’ विचारून जायचा.

कुठं चुका असतात? एकच बाब लागोपाठ दोन तारखांना. खोलीचे दिवस, म्हणजे दाखल झालेला आणि सोडलेला असे दोन्ही दिवस पूर्ण धरलेत का, आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्हीकडचं भाडं लागलं का. पॅकेज ठरलेलं असताना पॅकेजमधल्याच वस्तू खाली परत वेगळ्या लावल्यात का. आणि परत केलेली औषधं. आयसीयूत इंजेक्शनं आधीच मागवून ठेवतात, उरलेली औषधांच्या दुकानात परत जातात, पण त्यांची वजावट बिलापर्यंत पोचतेच असं नाही. माझ्या बिलात ६ कुप्या अशाच लटकलेल्या होत्या. केस पेपरात सिस्टरच्या अक्षरात स्पष्ट ‘परत’ लिहिलेलं, बिलात मात्र पूर्ण रक्कम.

स्टेंटचं तर फारच सोपं आहे. स्टेंटच्या खोक्यावर कंपनीचं नाव, माप आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. तिची एक प्रत केस पेपरवर लावतात आणि तुम्हाला एक छोटं कार्डही देतात. बिलातला स्टेंट आणि चिकटपट्टीवरचा स्टेंट एकच आहे का बघा. बलून आणि वायरच्या चिकटपट्ट्याही बहुधा तिथंच असतात, त्या मोजा. कार्ड मात्र पैशांच्या पाकिटात कायम ठेवा, पुढं कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी विचारतील.

आमचे शेवटी ५ गोल आणि ९ प्रश्नचिन्हं निघाली. त्यातला एक गोल माझ्या नाकावर बसला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दोनदा लावलाय म्हणून मी तावातावानं काउंटरवर गेले. तिथल्या मुलीनं शांतपणे दोन रिपोर्ट काढून ठेवले. एक आल्या रात्रीचा, एक अँजिओप्लास्टीनंतरचा. आल्या रात्री माझ्या छातीवर कोणी थंडगार जेल लावलं होतं, ते मला आठवतच नव्हतं. तेव्हापासून ‘‘तुम्ही चुकीचं लावलंय’’ हे वाक्य मी टाकून दिलं. ‘‘ही ओळ मला केस पेपरात सापडत नाही, तुम्हाला सापडते का?’’ असं विचारायला लागले. समोरचा माणूसही मग आपल्या बाजूनं कागद धुंडाळायला लागतो.

एक चूक उलटीही निघाली. एक तपासणी केलेली होती, बिलात लावलेलीच नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं तर नवऱ्यानं टेबलाखालून पाय दाबला. मी सांगितलंच. तो दोन दिवस बोलला नाही. पण त्या मुलीनं त्यानंतर आमचे उरलेले कागद सगळ्यांच्या आधी हातात घेतले, हेही खरं.

आक्षेप तोंडी सांगून उपयोग नाही. एका कागदावर पान क्रमांक, ओळ, रक्कम, शंका असे ४ रकाने पाडा, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. सोबत लिहा की वादातल्या ओळी सोडून बाकीचं बिल मान्य आहे आणि या ओळींचा निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. फोनवर बोलणं झालं तर वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि काय ठरलं ते टिपा. माझे ३ गोल कमी झाले, एका गोलाचं कारण पटलं, आणि इकोचं वर सांगितलंच.

विम्याचं वेगळं शास्त्र आहे, पण मूळ गोष्ट एकच : नाकारलं तर कारण लेखी मागा, आणि पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली नाकारलं तेही. मग पॉलिसी काढून ते कलम स्वतः वाचा. दाद मागायची मुदत ठरलेली असते, ती तारीख भिंतीवर लिहा. मला आयसीयूची दुसरी रात्र ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हती’ म्हणून कापून आली. मी रागाचं ३ पानी पत्र लिहिलं, भाषा फार सुंदर होती. लेकीनं ते फाडायला लावलं. त्याऐवजी डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचं पत्र आणलं, त्यात फक्त ट्रोपोनिनचे आकडे, त्या रात्री मॉनिटरवर दिसलेले चुकीचे ठोके आणि वेळ. रक्कम मंजूर झाली.

उरलेले पैसे

एवढं करूनही जे उरतं ते उरतंच. त्यासाठी हॉस्पिटलातल्या बिल काउंटरवरच अडून राहू नका, समाजसेवा विभाग आहे का विचारा. ही कल्पना नवी नाही. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेवक नेमले. पेशंटला औषध लिहून दिलं तरी घरची परिस्थिती तशी नसेल तर तो बरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज पुष्कळ मोठ्या हॉस्पिटलांत असा विभाग असतो, आणि तो कुठल्यातरी जिन्याखाली, पाटी अर्धी झाकलेल्या खोलीत असतो. कुठला निधी कोणाला मिळतो, सवलतीचा अर्ज कसा करायचा, हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असतं. उत्पन्नाचे कागद आणि डिस्चार्ज समरी घेऊन जा. मदत मागायला गेलोय असं वाटून घेऊ नका. मी वाटून घेतलं होतं, त्यापायी दोनदा दारातून परत आले.

हप्ते ठरवताना घाईत आकडा बोलू नका. आधी वहीत दर महिन्याच्या गोळ्या, पुढच्या तपासण्या, जाण्यायेण्याचा खर्च आणि कामावर न गेल्यामुळं बुडणारे पैसे लिहा. ते घरखर्चात मिळवून जे उरेल त्याच्या आतच हप्ता. मोठा हप्ता कबूल करून तिसऱ्या महिन्यात चुकवण्यापेक्षा लहान कबूल करून वेळेवर भरलेला बरा. व्याज लागणार का, एखादा महिना चुकला तर काय, हे लिहून घ्या. आणि हॉस्पिटलचं देणं क्रेडिट कार्डावर ढकलू नका. हॉस्पिटल बिनव्याजी थांबायला तयार होऊ शकतं, कार्ड थांबत नाही. नणंदेनं न मागता पैसे दिले, तेही आम्ही वहीत लिहिले आणि तिची सही घेतली. ती चिडली. पण नात्यातल्या पैशाला कागद असला की नातं मोकळं राहतं असं माझं मत आहे.

आता शरीराचं

घरचे तुम्हाला पलंगावरून उठू देणार नाहीत. पूर्वी डॉक्टरही देत नसत. हार्ट अटॅकनंतर ४ ते ६ आठवडे पडून राहायचं, कूस बदलायलाही दुसऱ्यानं मदत करायची. १९५० च्या सुमारास सॅम्युएल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा पेशंटांना पहिल्याच आठवड्यात उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा खुद्द हॉस्पिटलातल्या लोकांनीच विरोध केला होता. पेशंट त्यामुळं जास्त दगावले नाहीत, उलट सुधारले. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली तेव्हा कुठं त्यानं मला एकटीनं गच्चीपर्यंत जाऊ दिलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायला लागा. मला पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाटीवर असं सांगितलं होतं. पुढं थोडं थोडं वाढवत नेलं. वेग किती? बोलता येईल पण गाता येणार नाही इतका. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग कमी करा. हॉस्पिटलात हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम असेल, तर पैसे जपून ठेवायची ही जागा नव्हे, तिथं जाच. पुन्हा दाखल व्हायची वेळ त्यामुळं कमी येते, आणि पुन्हा दाखल होण्याइतकं महाग काही नाही.

मनगटावर नळी घातली होती तिथं जांभळं पडतं, ते उतरतं. त्या हातानं काही दिवस जड उचलू नका. तिथून रक्त यायला लागलं तर घट्ट दाबून धरा आणि मदतीला हाक मारा.

१२व्या दिवशी मला बसल्या जागी दम लागला. कारण काहीच नाही, दोन वाक्यं बोलले की खोल श्वास घ्यावासा वाटायचा. मी मनातल्या मनात मृत्युपत्रसुद्धा लिहायला घेतलं. लगेच दाखवायला गेले, तपासण्या झाल्या, आणि कळलं की रक्त गोठू न देणाऱ्या त्या दोन गोळ्यांतल्या टिकॅग्रेलॉर या गोळीनं काहींना असा दम लागतो. गोळी मी बंद केली नाही, डॉक्टरांनी बदलून दिली. दम लागणं हृदयाचंही लक्षण असू शकतं, म्हणून घरी बसून निदान करू नका, पण प्रत्येक त्रास म्हणजे दुसरा अटॅक असंही नसतं.

जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी दिली असेल तर ती तिच्या मूळच्या बाटलीतच ठेवा आणि बाटली कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. छातीत, जबड्यात, पाठीत तसं दुखलं तर बसा, १ गोळी ठेवा, घड्याळ बघा. ५ मिनिटांत उतरलं नाही किंवा वाढलं तर अ‍ॅम्ब्युलन्स. दाढ असेल वगैरे विचार करायचे नाहीत. आणि बाथरूमची कडी काही आठवडे लावू नका. नुसतं दार लोटा. लाज वाटते, पण दार फोडायला वेळ लागतो.

रात्रीचं

याबद्दल डिस्चार्ज समरीत एक ओळही नव्हती. दिवे घालवले की मला माझे ठोके उशीतून ऐकू यायचे. मी नाडी मोजायची. एकदा मोजली की खात्री वाटत नाही म्हणून परत. एका रात्री वहीत बघितलं तर १९ नोंदी होत्या. शेवटी लेकीनं घड्याळ आणि वही उचलून नेली आणि नियम घातला : सकाळी उठल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा, पूर्ण एक मिनिट, एकच आकडा. प्रुफावर एकच ओळ सतराव्यांदा वाचली की बरोबर शब्दही चुकीचा वाटायला लागतो, तसंच ते होतं.

शिवाय रडू यायचं. हार्ट अटॅकनंतर साधारण ५ पैकी एकाला नैराश्य येतं, आणि ते अंगावर काढलं की हृदयालाही मानवत नाही, हे मला डॉक्टरांनी मी विचारल्यावर सांगितलं. विचारेपर्यंत ५ आठवडे गेले होते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, कशात मन नाही, असं असेल तर गोळ्यांच्या शंकांबरोबर हेही यादीत लिहून न्या. माझ्या यादीत ते शेवटी, बारीक अक्षरात होतं. डॉक्टरांनी आधी तेच वाचलं.

भेटायला येणाऱ्यांसाठी लेकीनं फोनवर एकच निरोप टाकला : ‘आई ठीक आहे, संध्याकाळी ५ ते ६ भेटता येईल, कोणाच्या काकांचं काय झालं ते कृपया सांगू नये.’ शेवटचं वाक्य मी सांगून घालायला लावलं होतं.

७व्या आठवड्यात मी कामाला बसले. तो फर्मा तसाच फायलीत होता, जिथं थांबले तिथं पेन्सिलीची तुटक रेघ. पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतला. रेघेच्या आधीच्या ३ पानांवर ८ चुका सुटलेल्या, शाळकरी मुलालाही दिसतील अशा. हॉस्पिटलात मी सांगितलं होतं की दुखायला लागलं ते दुपारी ४ वाजता. ३ पानं म्हणजे माझा पाऊण तास. पुढच्या तपासणीला नेण्याच्या यादीत आता हे सगळ्यात वर लिहून ठेवलंय.